प्रेषक : उपाध्यक्षा

"लिही," आप्पासाहेब म्हणाले. "प्रति, माननीय कार्यवाह. विषय, खिडकी बंद करणेबाबत."

मी लिहिलं.

"महोदय, आपल्या आसनामागील खिडकी उघडी असल्याने वाऱ्याने अध्यक्षांचे कागद उडत आहेत. तरी ती तातडीने बंद करण्याची व्यवस्था व्हावी. कळावे."

आप्पासाहेब ज्या टेबलाशी बसून हे सांगत होते, त्याच टेबलाच्या पलीकडे, हात लांबवला तर चष्मा काढून घेता येईल इतक्या अंतरावर माननीय कार्यवाह बसले होते. नाना हुद्देदार. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. खिडकी त्यांच्या पाठीला लागून होती. पण ते छताच्या पंख्याकडे बघत बसून राहिले.

मी प्रेषकाच्या जागी 'अध्यक्ष' निवडलं, पत्र पाठवलं, मग कार्यवाहांची पेटी उघडली आणि म्हटलं, "नाना, तुम्हाला पत्र आलंय."

"असं?" नाना दचकल्यासारखं करून म्हणाले. "कुणाचं?"

"अध्यक्षांचं."

"काय म्हणतात?"

मी वाचून दाखवलं. नानांनी डोळे मिटून लक्षपूर्वक ऐकलं. "उत्तर लिही. आपले आजच्या तारखेचे पत्र पोहोचले. विषय विचाराधीन आहे."

तेवढ्यात आप्पासाहेबांचे दोन कागद उडाले आणि जिन्यावरून खाली भांड्यांच्या दुकानात गेले. मी उठले, खिडकी धाडकन लावली, खाली जाऊन कागद आणले. वर आले तर दोघंही माझ्याकडे बघत होते.

"विषय विचाराधीन होता," नाना म्हणाले.

माझं डोकं आधीच तापट. आई म्हणायची, या पोरीला सासर कसं मिळणार देव जाणे. सासर नंतर चांगलं मिळालं, पण त्याआधी चार वर्षं मला कराडात हे मंडळ मिळालं. ज्ञानसत्र व्याख्यानमाला मंडळ. दर मे महिन्यात दहा व्याख्यानं, आणि उरलेले अकरा महिने त्यांचा पत्रव्यवहार. मी कार्यालयीन सहायक, कुमारी उज्ज्वला डुबल. आज या गोष्टीला सतरा वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते.

पुण्याच्या कुणा भल्या माणसानं मंडळाला एक कॉम्प्युटर भेट दिला होता. त्याचा भाचा येऊन ईमेलचा प्रोग्राम बसवून गेला आणि जाताना त्यात मंडळाचे पाच पत्ते घालून गेला. अध्यक्ष, उपाध्यक्षा, कार्यवाह, कार्यालय आणि स्वागत. पाचही पत्ते एकाच पडद्यावर, एकाखाली एक. पत्र लिहायचं, प्रेषकाच्या जागी बाणावर टिचकी मारायची की यादी उघडायची, आणि त्या वेळी आपण जे कुणी असू ते निवडायचं. पाच पत्ते आणि एक उज्ज्वला. 'स्वागत' या पत्त्यावर कधीच काही आलं नाही आणि त्यावरून कधीच काही गेलं नाही.

चुका व्हायच्याच. एकदा घाईत मी अध्यक्षांचं एक जहाल पत्र कार्यवाहांच्याच पत्त्यावरून पाठवलं. म्हणजे नानांना नानांकडूनच पत्र आलं की 'आपली भाषा पदाला शोभणारी नाही'. मी सांगितलं, नाना, चूक झाली. पण नाना नियमाचे पक्के. "पत्र आलंय ना? मग उत्तर गेलं पाहिजे." त्यांनी स्वतःला दीड पानी उत्तर लिहवलं, आणि मला खरंच सांगते, त्यात त्यांनी स्वतःची माफी मागितली नाही ती नाहीच.

आता हे सगळं कशासाठी, तर अबोला. अकरा वर्षांचा.

आप्पासाहेब आवटी आणि नाना हुद्देदार शाळेत एका बाकावर बसलेले मित्र. पुढे आप्पासाहेबांची बहीण वेणू नानांना दिली, म्हणजे मित्राचे मेहुणे झाले. दोघांनी मिळून हे मंडळ चालवलं. मग मंडळाचा सुवर्णमहोत्सव आला. शेवटच्या दिवशी आभारप्रदर्शन वेणूताईंनी केलं, कारण त्या उपाध्यक्षा. नावांची यादी आप्पासाहेबांनी लिहून दिलेली. त्यात मांडववाला होता, माइकवाला होता, पाण्याच्या टाक्या देणारा होता, टाक्या उतरवून घेणाराही होता. बावीस नावं झाली. आणि ज्यानं वर्षभर चपला झिजवल्या त्या नाना हुद्देदारांचं नाव नव्हतं. समोर चारशे माणसं बसलेली. झालं, दुसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. ही हकीकत गावात सगळ्यांना पाठ होती, मलाही पहिल्या आठवड्यातच तीन जणांनी सांगितली.

वेणूताई होत्या तोवर कागदी पत्रं त्याच टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे न्यायच्या. ऑफिसात त्या नानांना 'कार्यवाह' म्हणायच्या आणि भावाला 'दादा'. कॉम्प्युटर आल्यावर त्यांनी आपल्या पत्त्यावरून उभ्या आयुष्यात एकच पत्र पाठवायला लावलं. दोघांना मिळून. 'जेवायला या. भाकरी निवते आहे.' दोघंही मुकाट उठून गेले होते. शेजारी बसून, न बोलता जेवले असणार.

दीड वर्षापूर्वी वेणूताई गेल्या. त्यांचा पत्ता यादीत तसाच राहिला. काढायचा तर ठराव हवा, आणि ठरावासाठी दोघांनी बैठकीत बोलायला हवं. हे आपलं नियमाचं कारण. खरं म्हणजे कुणी काढ म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर त्या गुरुवारी आप्पासाहेब कायमचे बंगळूरला निघाले होते. मुलीकडे. गुडघे गेले होते, घर आवरून झालं होतं, साडेपाचला गाडी यायची होती. ऑफिसात ते शेवटचे कागद सोपवायला आले होते. म्हणजे साडेपाचपर्यंत जे काही बोलायचं ते बोलायचं. त्यानंतर पंचाहत्तरीच्या दोन म्हाताऱ्यांची पुन्हा गाठ पडेल, अशी कुणी हमी द्यायची?

आणि नानांना बोलायचं होतं. हे मला पक्कं माहीत होतं. आठ दिवस ते रोज सकाळी मला विचारत होते, "गाडी कितीला येणार म्हणतात?" रोज मी साडेपाच सांगत होते. रोज ते 'हं' म्हणून बाहेर बघत बसत होते. त्या दिवशी तर येताना पिशवीतून काचेची एक बरणी घेऊन आले आणि टेबलाखाली पायाशी ठेवली.

खिडकीचं प्रकरण संपलं तेव्हा चार वाजून गेले होते. नाना खाकरले.

"उज्ज्वला, लिही. प्रति, माननीय अध्यक्ष. विषय, लिंबाचे गोड लोणचे."

मी वळून बघितलं. नाना पंख्याकडेच बघत होते.

"महोदय, आपण परगावी जात आहात असे समजते. तिकडे चांगले लोणचे मिळत नाही असेही समजते. उपाध्यक्षांच्या पद्धतीने घरी घातलेले लोणचे सोबत पाठवीत आहे. खाली लिही, सहपत्र, बरणी, नग एक."

"कुणी घातलं, नाना?"

"पत्रात आहे तेवढं लिही."

हाताच्या बोटांना हळद होती त्यांच्या. मी पत्र पाठवलं, अध्यक्षांची पेटी उघडली आणि मुद्दाम सावकाश वाचलं. नानांनी बरणी उचलून टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवली. आप्पासाहेब तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता उचलतात.

"लिही," आप्पासाहेब म्हणाले. आवाज जरा घोगरा होता. "आपले पत्र पोहोचले. पदावर असलेल्या व्यक्तीने ठरावाविना भेट स्वीकारणे नियमबाह्य आहे. सबब सहपत्र परत करीत आहे."

आणि बोटानं बरणी वीतभर पलीकडे सरकवली.

नानांनी बरणी घेतली, पदरात घ्यावी तशी मांडीवर घेतली आणि तिचं झाकण नीट बसलंय का ते बघत बसले.

बाई गं, काय झालं मला कुणास ठाऊक! डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, जळला तुमचा तो ठराव आणि जळली ती पोहोच! मी नवीन पत्र उघडलं. प्रेषकाच्या बाणावर टिचकी मारली. यादीतल्या दुसऱ्या ओळीवर आले आणि तीच निवडली. कुणी सांगत नव्हतं तरी भराभरा टंकत सुटले. दोघांना वाटलं असेल, पोरीला काम दिसतंय.

पाठवलं. मग म्हटलं, "नाना, पत्र आलंय. आप्पासाहेब, तुम्हालाही आलंय."

दोघांनीही मान वर केली.

"कुणाचं?" नाना म्हणाले.

"उपाध्यक्षांचं."

खालच्या दुकानात कुणीतरी पातेल्यांची चळत हलवली, तेवढाच आवाज. मला वाटलं आता दोघं ओरडतील. पण नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"जावक क्रमांक आहे?"

"आहे. चारशे बारा."

"मग वाच."

मी वाचलं. "माननीय अध्यक्ष व माननीय कार्यवाह. सुवर्णमहोत्सवाच्या आभारप्रदर्शनात कार्यवाहांचे नाव राहिले, यात तुम्हा दोघांचा काहीही दोष नाही. नाव यादीत होते. पण चारशे माणसांसमोर नवऱ्याचे नाव घ्यायची मला लाज वाटली, म्हणून मी ते गाळले. पुढे सांगायचा धीर झाला नाही. चूक माझी आहे. आता बोला एकमेकांशी. वेणू."

मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं, खोटं कशाला सांगू. सगळा दोष कुठेतरी लांब, जिथून कुणी परत येऊन भांडणार नाही अशा ठिकाणी टाकला होता. दोघांचीही नाकं शाबूत.

"लाज?" नाना म्हणाले. पंख्याला विचारावं तसं. "वेणूला?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"लग्नात बायका म्हणाल्या, नाव घे. तर उखाणा नाही की काही नाही, सरळ 'प्रभाकर' म्हणाली आणि घास भरवून मोकळी झाली. गच्चीवरून 'प्रभाकर' म्हणून अशी हाक मारायची की शेजारचा प्रभाकर धोत्रे हातातलं काम टाकून बाहेर यायचा. तिला कसली लाज? खोटं आहे हे पत्र."

ऑफिसात 'कार्यवाह, कार्यवाह' म्हणणाऱ्या वेणूताई घरी अशी हाक मारत असतील हे मला बापजन्मी सुचलं नसतं.

आप्पासाहेब उठून उभे राहिले होते. गुडघे गेलेला माणूस, पण टेबलाला धरून ताठ उभा. तोंड लालबुंद.

"मेलेल्या बाईच्या माथी मारतेस? माझ्या बहिणीच्या? पूस. आत्ताच्या आत्ता पूस ते! तिनं काही गाळलं नाही. तिच्या हातात होतं तेवढं तिनं वाचलं." ते थांबले. श्वास लागला होता. "लिही. प्रति, माननीय कार्यवाह."

मी हात उचलून मांडीवर ठेवले.

"लिही म्हणतो ना!"

"नाही लिहीत," मी म्हटलं. नोकरी जाणारच होती, मग भ्यायचं कशाला. "समोर बसलेत ते. तोंडानं सांगा."

आप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे बघितलं, मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोर बघितलं. "प्रति," ते म्हणाले. पुढचं येईना. पुन्हा म्हणाले, "प्रति." आणि मग, "दाजी."

नानांच्या मांडीवरची बरणी हलली.

"दाजी, नाव मी लिहिलं होतं. पहिलं लिहिलं होतं. मग मीच खोडलं."

"का?"

"का म्हणजे? घरच्या माणसाचे आभार मानतात का कधी? मांडववाल्याचे मानतात, माइकवाल्याचे मानतात. तुझे काय मानायचे? उद्या माझ्या उजव्या हाताचे माना म्हणशील."

नानांनी बरणी टेबलावर ठेवली.

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस, गाढवा?"

"सांगायला येणारच होतो! सकाळी अंघोळ करून निघालो, तर दारात तुझा शिपाई. तुझं पत्र घेऊन. 'आपण नाव वगळण्याचे कारण तीन दिवसांत लेखी कळवावे.' जावक क्रमांक घालून! सख्ख्या मेहुण्याला जावक क्रमांक! मी म्हटलं, हा माणूस मला घरचा समजत नाही, मी कशाला समजू?"



"कितवा होता क्रमांक?" नानांनी हळूच विचारलं.

"दोनशे सदतीस."

"लक्षात आहे तुझ्या."

"दुसरं लक्षात ठेवायला होतं काय अकरा वर्षं?" आप्पासाहेब म्हणाले आणि खाली बसले. दोघांचेही डोळे भरले होते. माझेही भरले होते, आणि मूर्खासारखं माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, जमलं की!"

तशी दोघांनी एकदम माना वळवल्या.

"आणि तू गं!" नाना कडाडले. "तुला कुणी अधिकार दिला?"

"मेमो काढ हिला," आप्पासाहेब म्हणाले.

"काढलाच पाहिजे. उज्ज्वला, लिही."

मी डोळे पुसले आणि माझा मेमो लिहायला घेतला.

"प्रति, कुमारी उज्ज्वला डुबल, कार्यालयीन सहायक," नाना म्हणाले. "विषय, मयत पदाधिकाऱ्याच्या..."

"मयत नको," आप्पासाहेब म्हणाले.

"मग? दिवंगत?"

"नुसतं उपाध्यक्षा लिही."

"उपाध्यक्षांच्या पत्त्याचा गैरवापर केल्याबाबत. आपण आज दुपारी..."

"चार वाजून वीस मिनिटांनी."

"वीस मिनिटांनी, उपाध्यक्षांच्या नावे खोटे पत्र पाठवून..."

"त्यांच्या स्वभावाविषयी गैरसमज पसरवलात."

"बरोबर. पसरवलात. तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा."

अकरा वर्षांतलं मंडळाचं हे पहिलं संयुक्त पत्र. एकानं वाक्य सोडावं आणि दुसऱ्यानं उचलावं. मी टंकत होते आणि माझं मलाच धन्य वाटत होतं.

"पाठव," दोघं म्हणाले.

"कुणाच्या पत्त्यावरून?"

"दोघांच्या."

"प्रेषक एकच निवडता येतो."

झाली पंचाईत. नाना म्हणाले, तू अध्यक्ष आहेस, तुझ्या नावानं जाऊ दे. आप्पासाहेब म्हणाले, मेमो काढायचा अधिकार कार्यवाहाचा. तू, तू, नाही तू. मला धास्ती बसली की पुन्हा बिनसतंय. शेवटी दोघंही उठून माझ्या खुर्चीमागे आले आणि पडद्यावरच्या यादीत वाकून बघू लागले. नानांचं हळदीचं बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं.

"हिच्या," ते म्हणाले.

आप्पासाहेबांनी मान हलवली. "रास्त आहे. अपमान तिचा झालाय, खुलासा तिनंच मागवावा."

ज्या गुन्ह्यासाठी मेमो, तोच गुन्हा करून मेमो. पाठवलं, कार्यालयाची पेटी उघडली आणि म्हटलं, "मला पत्र आलंय."

"वाच," दोघं म्हणाले. मी उभी राहून वाचलं आणि पोहोच दिली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. आप्पासाहेबांनी काठी घेतली, दुसरा हात नानांच्या खांद्यावर ठेवला. नानांच्या हातात बरणी होती.

"ठरावाचं काय?" नाना म्हणाले.

"आण ती इकडं. उगाच नाटकं करू नकोस." जिन्यावरून दोघांचं भांडण खालपर्यंत ऐकू येत होतं. मी खिडकी उघडून बघितलं. गाडी सुटायला पाऊण तास लागला.

मी खुलासा तिसऱ्या दिवशी लिहिला. मेमो ज्या पत्त्यावरून आला त्याच पत्त्यावर उत्तर गेलं. 'तुम्ही रागावला असाल. पण ते बोलले.' एवढंच लिहिलं होतं. वेणूताईंच्या पेटीत ते न उघडलेलं, ठळक अक्षरांत दिसत होतं.

दुपारी नाना टेबलाशी बसून बंगळूरला फोनवर बोलत होते. आता ते रोजचंच झालं होतं. मध्येच फोनवर हात ठेवून म्हणाले, "आप्पा विचारतोय, खुलासा दिलास का?"

"दिलाय. उपाध्यक्षांकडे."

नानांनी तसं कळवलं, ऐकलं, आणि मला म्हणाले, "मग त्यांचं उत्तर जायला हवं. प्रेषक उपाध्यक्षा घे. लिही. खुलासा पोहोचला. मान्य आहे." ते थोडं थांबले. "खाली लिही, कार्यालयीन सहायकांचे मनःपूर्वक आभार."

मी लिहिलं. नानांनी ते फोनवर जसंच्या तसं वाचून दाखवलं. पलीकडून आप्पासाहेब इतक्या मोठ्यांदा काहीतरी म्हणाले की मला त्यांचा आवाज खुर्चीत बसून ऐकू आला, शब्द नाही कळले. नाना ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"आप्पा म्हणतो, आभार खोड."

पडद्यावरची अक्षरं नीट दिसेनात, तेव्हा ओढणीनं डोळे पुसले. मग आभार खोडले आणि पत्र पाठवलं.